जुन्या पिकअपचा रास्त भाव

दसऱ्याच्या सुमारास नंदुरबारच्या बाजार समितीत ओल्या लाल मिरचीची आवक सुरू होते आणि पिकअपची रांग लागते. शहादा-तळोद्याच्या शिवारातून पपई आणि केळी निघतात, नवापूरकडून भाजीपाला सुरतेच्या वाटेला लागतो. धडगाव-मोलगीच्या बाजाराला जाणारा मालही बहुतेक पिकअपमध्येच असतो. हा सगळा धंदा ज्यांच्या जिवावर चालतो, त्यातल्या कितीतरी जणांनी पहिली गाडी जुनीच घेतलेली असते. घरातलं सोनं, उसनवारी, फायनान्स असं सगळं त्या एका व्यवहारात ओतलेलं असतं. भाव मात्र बहुतेक वेळा दोनच गोष्टींवर ठरतो: मॉडेल कोणत्या सालचं, आणि शेजारच्या गावात तशी गाडी केवढ्याला गेली.

हे पुरेसं नाही. जुन्या पिकअपची रास्त किंमत म्हणजे तिच्यात उरलेलं काम, वजा ते काम सुरू करण्याआधी खिशातून जाणारा खर्च. बाकी सगळी घासाघीस त्यानंतरची.

तयार कोष्टक शोधून उपयोग होत नाही. विमा कंपन्यांकडे गाडीच्या घसाऱ्याचा तक्ता असतो: पहिल्या सहा महिन्यांत 5 टक्के, वर्षभरापर्यंत 15, दोन वर्षांपर्यंत 20, तीनपर्यंत 30, चारपर्यंत 40 आणि पाच वर्षांपर्यंत 50 टक्के. तिथे तक्ता संपतो. पुढची किंमत विमा कंपनी आणि मालक यांनी आपसात ठरवायची. आपल्याकडे विकायला येणारी बरीचशी पिकअप आठ-दहा वर्षांची असते, म्हणजे तिचा हिशेब हातानेच मांडायला हवा.

सुरुवात बाजारभावापासून करा, पण सांगितलेल्या भावापासून नव्हे, सुटलेल्या भावापासून. शहादा, दोंडाईचा, धुळे इथे तेच मॉडेल, तेच साल, तीच भारक्षमता असलेल्या तीन-चार गाड्या प्रत्यक्षात केवढ्याला गेल्या ते गॅरेजवाल्यांना विचारा. दलालाचा आकडा वेगळा लिहून ठेवा. साल पाहताना दोन तारखा लक्षात असू द्या. 1 एप्रिल 2017 पासून देशभर बीएस-4 आणि 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 गाड्यांचीच विक्री सुरू झाली. बीएस-6 गाडीचं आयुष्य जास्त उरलेलं असतं, पण तिचे सेन्सर आणि धूर गाळणारी यंत्रणा बिघडली तर गावातल्या मिस्त्रीच्या हातात फारसं काही राहत नाही. घाटातल्या गावात राहणाऱ्याने हा फरक जरूर तोलावा. आणखी एक: 22 सप्टेंबर 2025 पासून नव्या मालवाहू गाडीवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला. नवी स्वस्त झाली की जुनीचाही भाव उतरायला हवा. त्याआधीचे सौदे दाखवून कोणी भाव मागत असेल तर ते मान्य करू नका.

नवापूरच्या पलीकडची गुजरात पासिंग गाडी कधीकधी स्वस्त दिसते. तिची एनओसी, महाराष्ट्रातला कर, एमएच-39 चा नवा नंबर आणि त्यात जाणारे दिवस धरले की स्वस्ताई बरीच आटते.

गाडी कुठे धावली, हा प्रश्न मीटरच्या आकड्यापेक्षा मोठा आहे. मीटर फिरवता येतो, घाट फिरवता येत नाही. तापीकाठच्या सपाट रस्त्यावर दीड लाख किलोमीटर धावलेली गाडी आणि चांदसैली किंवा तोरणमाळच्या चढावर भरून ऐंशी हजार चाललेली गाडी यांत मी पहिली घेईन. घाटात क्लच, ब्रेक आणि गिअरबॉक्स झिजतात. जास्त माल भरला असेल तर पाटे बसतात आणि चेसिसला मार बसतो.

सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा घेणारा आधी दात पाहतो, मग पाय, मग चाल. तीच शिस्त इथे ठेवा. सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना जा. मालकाने आधीच गाडी गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी या. सुरू झाल्यावर ऑइल भरायचं झाकण सैल करून पाहा. तिथून जोरात धुराचे झोत येत असतील तर इंजिन ‘बॅक मारतंय’, म्हणजे रिंगा-पिस्टनचं काम जवळ आलंय. निळा धूर ऑइल जळल्याचा. मग गाडीखाली सतरंजी टाकून झोपा. हौद्याच्या खालचे आडवे चॅनेल, पाट्यांचे हँगर आणि चेसिसचा मागचा भाग स्क्रूड्रायव्हरने ठोकत जा. चांगल्या लोखंडाचा आवाज खणखणीत येतो. सडलेल्या जागी टोक रुततं. ओली मिरची, केळीचा चीक, भाजीचं पाणी वर्षानुवर्षं फटीतून खाली झिरपतं, म्हणून इकडच्या गाड्यांचा पत्रा फाळक्याच्या बिजागरीजवळ आधी जातो. ताजा काळा रंग फक्त तेवढ्याच जागी दिसला तर खरवडून पाहायला सांगा. चेसिसला वेल्डिंगचा जोड दिसला तर भाव विचारत बसू नका, घरी या.

कागद म्हणजे पैसेच. आठ वर्षांपर्यंत मालवाहू गाडीचं फिटनेस दोन-दोन वर्षांनी होतं, त्यानंतर दरवर्षी. पंधरा वर्षांनी गाडी बंद होत नाही, पण 2022 पासून त्या वयाच्या गाडीच्या तपासणीची फी अनेक पटींनी वाढली आहे. साडेसात टनांपर्यंतच्या मालवाहू गाडीचा नुसता थर्ड पार्टी विमा 2022 मध्ये ठरलेल्या दराने 16,049 रुपये, जीएसटी वेगळा. एकूण वजन 3,000 किलोच्या वर असेल तर परमिटही लागतं. 1 एप्रिल 2019 पूर्वीच्या गाडीला नवी सुरक्षा नंबरप्लेट (एचएसआरपी) लागते, थकलेला पर्यावरण कर भरावा लागतो, ई-चलनं निघतात. नंबर टाकून परिवहनच्या ॲपवर फिटनेस, विमा, पीयूसी आणि फायनान्सचा बोजा विक्रेत्यासमोरच पाहा.

आता हिशेब. समजा 2017 ची पिकअप आहे आणि तशा गाड्या 4,20,000 ला सुटताहेत. मागचे दोन टायर गुळगुळीत, 14,000. क्लच 12,000. पाटे आणि बुश 8,000. हौद्याचा पत्रा 15,000. विमा संपलेला, 20,000. फिटनेस आणि त्यासाठीचं रंगकाम 11,000. झाले 80,000. म्हणजे 3,40,000 ही तुमची वरची मर्यादा. न दिसलेल्या दुखण्यासाठी पंधरा-वीस हजार राखून बोली त्याखाली सुरू करा. आकडे तुमच्या मिस्त्रीचे घाला, पद्धत हीच ठेवा.

मग उलट्या बाजूने तपासा. डिझेल आणि चालकाची मजुरी जाऊन दिवसाला हजार रुपये उरतात आणि वर्षात 200 दिवस काम मिळतं असं धरलं, तर दोन लाख. विमा, फिटनेस, टायर, दुरुस्तीला सत्तर हजार काढले की 1,30,000. दुरुस्तीसकट चार लाख वीस हजारांत पडलेली गाडी फिटायला सव्वातीन वर्षं लागतील, व्याज वेगळं. पंधरा वर्षांना अजून सहा वर्षं बाकी असलेल्या गाडीसाठी हे ठीक आहे. दोनच उरली असतील तर हाच भाव अंगावर येईल. गाडी स्वतः चालवणाऱ्यानेही आपली मजुरी धरलीच पाहिजे; ती धरली नाही म्हणून तोट्यातली गाडी फायद्याची वाटते.

ब्रेकच्या बाबतीत मात्र भावातून वजाबाकी करून भागत नाही. ऑक्टोबर 2025 मध्ये अस्तंब्याच्या यात्रेहून यात्रेकरूंना घेऊन परतणारी पिकअप चांदसैली घाटात कोसळली आणि ऐन दिवाळीत घरं उजाड झाली. मालवाहू गाडीत माणसं बसवणं बेकायदा तर आहेच, शिवाय अशा माणसांना विम्याचं संरक्षण मिळत नाही. ‘हंगामात मजूर नेले की गाडी फिटते’ असं विक्रेता सांगेल. ते उत्पन्न हिशेबात एक रुपयाही धरू नका.

आणि सौदा ठरला तरी घाई नको. फॉर्म 29 आणि 30 वर सह्या, बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म 35, विमाही चौदा दिवसांत आपल्या नावावर. विकणाऱ्यानेही नुसत्या नोटरीवर विसंबू नये: नोंदणीत ज्याचं नाव, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याची, असं सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये स्पष्ट केलं आहे. इसार द्या, पावती घ्या, आणि ठरलेल्या रकमेतला एक हिस्सा आर.सी.वर नाव चढेपर्यंत देऊ नका. ही अट विक्रेत्याला मान्य नसेल, तर गाडी कितीही चांगली दिसली तरी सोडून द्या.