अपघाती मृत्यु आणि भरपाईचा दावा



घरांतील कर्ता पुरुष रस्त्यावरील अपघातांत दगावला, म्हणजे तेरावा उलटण्यापूर्वींच दोन प्रकारचे हितचिंतक दारीं येतात. एक म्हणतो, "गेलेल्या जिवाचे पैसे कसले मागतां?" दुसरा कागद पुढें करून सही मागतो. या दोघांचेंहि घाईनें ऐकूं नये, हें सांगण्यासाठीं आजचें भाषण आहे.

पहिला आक्षेप जुना आहे. मनुष्याचा मृत्यु ही दिवाणी दाव्यास योग्य अशी हानि नव्हे, असें १८०८ सालीं इंग्लंडांतील न्यायालयानें ठरविलें होतें. म्हणजे जखमी मनुष्य भरपाई मागूं शके. परंतु तो मेला, कीं त्याच्या बायकामुलांचें तोंड बंद! हा विपरीत न्याय तेथें १८४६ सालीं व आपल्याकडे १८५५ च्या प्राणांतिक अपघात कायद्यानें दूर झाला. कायदा जिवाचें मोल करीत नाहीं; मृताच्या हातून आश्रितांना पुढें जो आधार मिळाला असता, तो कसूर करणाऱ्याकडून भरून घेतो. दुसऱ्याच्या हयगयीनें भिंत कोसळून मृत्यु आला, तर आजहि या कायद्याखालीं पति वा पत्नी, आईबाप व मुलें यांच्यासाठीं दिवाणी न्यायालयांत दावा लावतां येतो. मुदत मृत्यूपासून दोन वर्षांची.

मोटारीच्या अपघातासाठीं मात्र १९८८ च्या मोटार वाहन कायद्याखालीं निराळें न्यायाधिकरण आहे. अपघात बोरघाटांत झाला आणि कुटुंब सांगलीस राहत असलें, तर अर्ज सांगलीस करतां येतो. ही सोय पुष्कळांस ठाऊक नसते. मुदत अपघातापासून सहा महिने. २०१९ च्या दुरुस्तीनें घातलेली ही अट १ एप्रिल २०२२ पासून अमलांत आली. तिला सर्वोच्च न्यायालयांत आव्हान देण्यांत आलें, पण त्या भरवशावर स्वस्थ बसूं नये. चालकावरील फौजदारी खटला वेगळा. तो त्यांतून सुटला, एवढ्यानेंच भरपाई बुडत नाहीं.

आतां तो दुसरा गृहस्थ. कोणाची चूक हें सिद्ध न करतां मृत्यूबद्दल ५ लाख रुपये देण्याची तरतूद कलम १६४ मध्यें आहे. विमा कंपनीशीं तडजोड करून ती रक्कम घेतली, कीं न्यायाधिकरणापुढील मोठा अर्ज संपला. म्हणून सहीपूर्वीं हिशेब करावा. जन्मभर मुलांना अंकगणित शिकविल्यामुळें मला त्याची गोडी आहे, इतकेंच. हिशेब चौथीच्या मुलासहि जमेल.

समजा, ३४ वर्षांचा सुतार महिना २०,००० रुपये मिळवी. मागें पत्नी, दोन मुलें व आई. वर्षाचे २,४०,००० झाले. स्वतंत्र धंदा करणाऱ्या, चाळिशीच्या आंतील माणसाच्या पुढील वाढीसाठीं ४० टक्के मिळवावे, ३,३६,००० होतात. त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा जातां २,५२,०००. त्या वयास गुणक १६. म्हणजे ४०,३२,००० रुपये. गुणकाचें कोष्टक सर्वोच्च न्यायालयानें २००९ सालीं, आणि वाढीचें प्रमाण २०१७ सालीं घालून दिलें. सहवासाची हानि व अंत्यविधीचा खर्च यांची रक्कम निराळी. अर्थात् येथें चालकाची हयगय दाखवावी लागते, आणि मृताचीहि चूक ठरल्यास तेवढा भाग कापला जातो. तरी कोठें ५ लाख आणि कोठें ४० लाख!

बाई घरींच असे, तिची कमाई ती काय, असेंहि विचारणारे आहेत. घरकामास मोल आहे, व तें भरपाईंत धरलें पाहिजे, असें सर्वोच्च न्यायालयानें २०२१ सालीं स्पष्ट सांगितलें आहे.

खरी अडचण पुराव्याची. पोलिसांतील फिर्यादीची नक्कल, पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल आणि गाडीच्या विम्याचा तपशील मिळतो. परंतु सुताराजवळ पगारपत्रक कोठलें? त्याचें बँकेचें पुस्तक, वखारीचीं बिलें, वहींतील टिपणें जपावीं. नेहमीच्या गिऱ्हाइकांस साक्षीस बोलवावें. स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावतां जिल्हा विधि सेवा प्राधिकरणाकडून वकील विनामूल्य मिळतो.

ठोकर देऊन गाडी पळाली व तिचा पत्ताच लागला नाहीं, तर सरकारी योजनेंतून मृत्यूबद्दल २ लाख रुपये मिळतात. त्यासाठीं तहसीलदार वा प्रांत यांच्याकडे चौकशी करावी. न्यायाधिकरणाचा निवाडा झाल्यावर ३० दिवसांत रक्कम भरावी लागते, आणि ती अपुरी वाटल्यास ९० दिवसांत उच्च न्यायालयाकडे अपील करतां येतें.