मोबाइल हॉटस्पॉट

मोबाइल हॉटस्पॉट ही स्मार्टफोनमधील एक सुविधा आहे. तिच्यामुळे फोनला मोबाइल जाळ्यातून मिळणारे इंटरनेट वाय-फायमार्गे जवळपासच्या इतर उपकरणांना वापरता येते. लॅपटॉप, टॅबलेट, दूरचित्रवाणी संच किंवा दुसरा फोन अशी उपकरणे हॉटस्पॉटला जोडली जातात. एका उपकरणाची इंटरनेट जोडणी दुसऱ्याला देण्याच्या क्रियेस टेदरिंग असे म्हणतात. इंग्रजीत ‘टेदर’ म्हणजे जनावर बांधून ठेवण्याचे दावे. त्यावरून हा शब्द आला आहे. टेदरिंग वाय-फायखेरीज यूएसबी केबल किंवा ब्लूटूथ यांच्याद्वारेही करता येते.

हॉटस्पॉट सुरू असताना फोन हा केवळ इंटरनेट वापरणारे उपकरण राहत नाही, तर एका लहानशा जाळ्याचा राउटर बनतो. त्यामुळे जाळ्यात कोणाला प्रवेश द्यायचा, डेटा किती खर्च होऊ द्यायचा आणि जोडणी सुरक्षित कशी राखायची, या एरवी जाळ्याच्या व्यवस्थापकाकडे असणाऱ्या बाबी फोनधारकाकडे येतात.

इतिहास

स्मार्टफोन येण्यापूर्वीही मोबाइल फोन केबलने, अवरक्त किरणांद्वारे किंवा ब्लूटूथने संगणकाला जोडून मोडेमसारखा वापरला जात असे. त्या पद्धतीत इंटरनेटची जोडणी प्रत्यक्षात संगणक प्रस्थापित करी; फोन केवळ दुवा असे. फोनमध्ये वाय-फाय आल्यानंतर फोननेच स्वतंत्र वाय-फाय जाळे निर्माण करणे शक्य झाले. नोकियाच्या सिंबियन प्रणालीवरील फोनसाठी २००८ मध्ये जोइकुस्पॉट हे अशा प्रकारचे ॲप उपलब्ध झाले.

ॲपलने २००९ मध्ये आयफोनच्या प्रणालीच्या ३.० या आवृत्तीत यूएसबी व ब्लूटूथ टेदरिंगची सोय दिली. मे २०१० मध्ये जाहीर झालेल्या अँड्रॉइड २.२ या आवृत्तीत वाय-फाय हॉटस्पॉट प्रणालीचाच भाग बनला. मार्च २०११ मध्ये आयओएस ४.३ या आवृत्तीसह आयफोनवरही वाय-फाय हॉटस्पॉट आला. त्यानंतर ही सुविधा बहुतेक सर्व स्मार्टफोनांमध्ये दिली जाऊ लागली.

कार्यपद्धती

हॉटस्पॉटवरील माहितीचा प्रवास दोन टप्प्यांत होतो. पहिला टप्पा मोबाइल मनोऱ्यापासून फोनपर्यंतचा असून तो ४जी किंवा ५जी यांसारख्या तंत्रज्ञानाने पार पडतो. दुसरा टप्पा फोनपासून जोडलेल्या उपकरणापर्यंतचा असून तो वाय-फायने पार पडतो. या दोहोंपैकी जो टप्पा मंद असेल, त्यावर एकूण वेग ठरतो. बहुधा पहिला टप्पाच मंद असतो. म्हणून लॅपटॉप घराच्या आतल्या खोलीत असला तरी फोन खिडकीपाशी, म्हणजे मोबाइलचा सिग्नल चांगला असेल तेथे, ठेवल्यास वेग वाढण्याची शक्यता असते. वाय-फायचा पल्ला खोलीभर सहज पुरतो.

मोबाइल कंपनी जाळ्यातील फोनला एक पत्ता देते. जोडलेल्या उपकरणांना मात्र फोन स्वतः खासगी पत्ते वाटतो. आयफोनच्या हॉटस्पॉटमध्ये फोनचा स्वतःचा खासगी पत्ता १७२.२०.१०.१ हा असतो, तर जुन्या अँड्रॉइड फोनांत तो साधारणपणे १९२.१६८.४३.१ असा असे. एखाद्या उपकरणाने संकेतस्थळाची मागणी केली, की फोन तिच्यावरील खासगी पत्ता काढून आपला पत्ता घालतो व मागणी पुढे पाठवतो. उत्तर आले, की ते कोणत्या उपकरणाचे आहे हे स्वतःजवळच्या नोंदीवरून पाहून त्याच्याकडे सोपवतो. वसतिगृहातील सर्व विद्यार्थ्यांची पत्रे एकाच पत्त्यावर यावीत आणि तेथील कर्मचाऱ्याने ती खोलीनिहाय वाटावीत, तसा हा प्रकार आहे. या पद्धतीला पत्ता-रूपांतरण म्हणतात. तिचा परिणाम असा, की बाहेरील संकेतस्थळांना सर्व उपकरणे एकाच जोडणीवरून आलेली दिसतात.

हॉटस्पॉट सहसा २.४ गिगाहर्ट्झ किंवा ५ गिगाहर्ट्झ या पट्ट्यांत चालतो. २.४ गिगाहर्ट्झचा पल्ला अधिक असून भिंतींचा अडथळा त्याला तुलनेने कमी होतो. परंतु आसपासचे राउटर व ब्लूटूथ उपकरणेही हाच पट्टा वापरत असल्याने तेथे गर्दी होते. ५ गिगाहर्ट्झवर वेग अधिक मिळतो, मात्र पल्ला कमी असतो. जुन्या लॅपटॉपला हॉटस्पॉटचे नावच दिसत नसेल, तर फोन ५ गिगाहर्ट्झवर असणे आणि लॅपटॉपला तो पट्टा वापरता न येणे, हे त्यामागचे एक नेहमीचे कारण असते. अशा वेळी फोनच्या सेटिंगमध्ये २.४ गिगाहर्ट्झचा पर्याय निवडावा लागतो.

टेदरिंगचे प्रकार

वाय-फाय: एकाच वेळी अनेक उपकरणे जोडता येतात व केबल लागत नाही. तिन्ही प्रकारांत फोनची बॅटरी साधारणपणे यातच सर्वाधिक खर्च होते.

यूएसबी: एकच संगणक जोडता येतो. जोडणी स्थिर असते, त्याच केबलने फोन चार्ज होत राहतो आणि आसपासच्या कोणालाही जोडणीत शिरता येत नाही.

ब्लूटूथ: वीज कमी लागते, परंतु वेगही पुष्कळ कमी असतो. ईमेल किंवा मजकूर वाचणे यांसारख्या कामांस तो पुरतो. चित्रफितींस पुरत नाही.

डेटाचा खर्च

हॉटस्पॉटवर डेटा अपेक्षेपेक्षा लवकर संपतो, याचे मुख्य कारण जोडलेल्या उपकरणाच्या सवयींत असते. फोनवरील ॲप मोबाइल डेटा जपून वापरण्याच्या दृष्टीने तयार केलेली असतात. लॅपटॉपला मात्र समोरची जोडणी घरच्या वाय-फायसारखीच दिसते. त्यामुळे तो प्रणालीची अद्यतने उतरवू लागतो, छायाचित्रांच्या प्रती दूरस्थ साठ्यात पाठवू लागतो आणि मोठ्या पडद्याला साजेशा उच्च दर्जाची चित्रफीत मागवतो.

हा खर्च साध्या गणिताने समजतो. सेकंदाला ५ मेगाबिट या दराने चित्रफीत पाहिल्यास एका तासात सुमारे २.२५ गिगाबाइट डेटा लागतो. याच दराने १.५ गिगाबाइटचा दैनंदिन कोटा सुमारे ४० मिनिटांत संपतो. अनेक योजनांत कोटा संपल्यावर वेग सेकंदाला ६४ किलोबिटपर्यंत खाली येतो. त्या वेगाने केवळ एक मेगाबाइटची धारिका उतरण्यास दोन मिनिटांहून अधिक वेळ लागतो. महाविद्यालयीन प्रवेशाचा अर्ज वा परीक्षेची उत्तरपत्रिका शेवटच्या तासात हॉटस्पॉटवरून पाठवणाऱ्यास हा फरक महत्त्वाचा ठरू शकतो.

यावर उपाय म्हणून विंडोज प्रणालीत एखादी जोडणी ‘मीटर्ड’, म्हणजे मोजूनमापून वापरायची, अशी नोंदवता येते. त्यानंतर बहुतेक अद्यतने थांबून राहतात. आयओएस १३ पासून ‘लो डेटा मोड’ व अँड्रॉइड ७ पासून ‘डेटा सेव्हर’ या सोयी उपलब्ध आहेत.

सुरक्षा

हॉटस्पॉटची सुरक्षा मुख्यतः परवलीच्या शब्दावर अवलंबून असते. डब्ल्यूपीए२ आणि २०१८ मध्ये आलेली डब्ल्यूपीए३ या पद्धतींत फोन व उपकरण यांच्यातील संवाद कूटबद्ध केला जातो. डब्ल्यूपीए२ मध्ये परवलीचा शब्द किमान आठ वर्णांचा असावा लागतो. तथापि केवळ लांबी पुरेशी नसते. जर्मनीतील एर्लांगेन-न्यूरेंबर्ग विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ मध्ये आयफोनने स्वतःहून सुचवलेल्या परवलीच्या शब्दांचा अभ्यास केला. एक इंग्रजी शब्द आणि पुढे चार अंक असे त्यांचे स्वरूप होते, आणि प्रत्यक्षात केवळ १,८४२ शब्दांमधूनच निवड होत असल्याचे त्यांना आढळले. ही यादी हाती असताना असा परवलीचा शब्द त्यांना एका मिनिटाच्या आत शोधून काढता आला. पुढे आयओएस ७ पासून स्वैर वर्णांचा परवलीचा शब्द दिला जाऊ लागला. स्वतःचे नाव, जन्मवर्ष किंवा फोन क्रमांक यांपासून बनवलेले शब्दही याच कारणाने दुर्बल मानले जातात.

परवलीचा शब्द न ठेवल्यास केवळ डेटाच जातो असे नाही. बाहेरील संकेतस्थळांना सर्व उपकरणे एकाच जोडणीवरून आलेली दिसत असल्याने, पाहुण्या उपकरणाने केलेल्या कृतीचा माग प्रथम जोडणीधारकापर्यंत पोहोचतो. जुलै २००८ मधील अहमदाबाद येथील बॉम्बस्फोटांच्या वेळी दहशतवाद्यांनी पाठवलेला ईमेल नवी मुंबईतील एका घरच्या असुरक्षित वाय-फाय जोडणीवरून गेल्याचे तपासात दिसून आले, आणि त्या घरातील रहिवाशाची पोलिसांनी चौकशी केली. त्यानंतर फेब्रुवारी २००९ मध्ये दूरसंचार विभागाने वाय-फाय जोडण्या सुरक्षित ठेवण्याविषयी इंटरनेट सेवादात्यांना सूचना दिल्या. ती जोडणी घरगुती राउटरची होती. परंतु मोबाइल हॉटस्पॉटची रचना तशीच असल्याने हाच धोका त्यालाही लागू पडतो.

हॉटस्पॉटचे नाव आसपासच्या सर्व उपकरणांवर दिसते. अनेक फोनांत ते फोनधारकाच्या नावावरून आपोआप तयार होत असल्याने रेल्वेच्या डब्यात किंवा वाचनालयात मालकाचे नाव अनोळखी लोकांपर्यंत पोहोचते. सेटिंगमध्ये ते बदलता येते.

फोनवर व्हीपीएन सुरू असल्यास जोडलेल्या उपकरणांनाही त्याचे संरक्षण मिळते, असा एक गैरसमज आढळतो. अँड्रॉइड व आयओएस यांच्या नेहमीच्या रचनेत जोडलेल्या उपकरणांची माहिती फोनवरील व्हीपीएनमधून जात नाही. त्या उपकरणावर व्हीपीएन स्वतंत्रपणे सुरू करावे लागते.

दुसऱ्या बाजूने, अनोळखी व्यक्तीच्या हॉटस्पॉटला जोडून घेणेही जोखमीचे असते. परिचित नाव धारण करणारा बनावट हॉटस्पॉट कोणीही सुरू करू शकतो. कूटबद्ध संकेतस्थळांवरील मजकूर त्याच्या चालकाला वाचता येत नसला, तरी कोणत्या संकेतस्थळांना भेट दिली हे बहुतेक वेळा कळू शकते.

निर्बंध व वाद

ग्राहकाने घेतलेला डेटा तो कोणत्या उपकरणावर वापरणार हे ठरवण्याचा अधिकार कोणाचा, या प्रश्नावर अमेरिकेत वाद झाले. काही कंपन्या टेदरिंगसाठी वेगळे शुल्क आकारीत. टेदरिंग ओळखण्याची एक पद्धत अशी: इंटरनेटवरील प्रत्येक माहिती-पुडक्यासोबत एक संख्या असते आणि प्रत्येक राउटरपाशी ती एकाने कमी होते. फोनवरून निघालेल्या पुडक्यात ती सहसा ६४ असते. फोनमागील दुसऱ्या फोनचे पुडके मात्र ६३ ही संख्या घेऊन मनोऱ्याकडे जाते.

व्हेरायझन या कंपनीने ॲप-दुकानातून टेदरिंगची ॲप काढण्यास सांगितल्याच्या प्रकरणी जुलै २०१२ मध्ये अमेरिकेच्या संघीय दळणवळण आयोगाशी तडजोड करून १२.५ लाख डॉलर भरले. कंपनीकडे असलेल्या तरंगपट्ट्याच्या परवान्यात ग्राहकास आपल्या पसंतीची ॲप वापरण्यापासून रोखता येणार नाही, अशी अट होती.

दुसरे प्रकरण नॅशव्हिल येथील एका परिषद-केंद्राचे होते. मॅरियट या हॉटेल-समूहाच्या व्यवस्थापनाखालील त्या हॉटेलात पाहुण्यांच्या मोबाइल हॉटस्पॉटला जोडलेली उपकरणे विशिष्ट संदेश पाठवून तोडली जात होती. त्याच वेळी प्रदर्शनात भाग घेणाऱ्यांकडून हॉटेलच्या वाय-फायसाठी प्रत्येक उपकरणामागे २५० ते १,००० डॉलर आकारले जात होते. हे आपल्या जाळ्याच्या सुरक्षेसाठी केल्याची बाजू मॅरियटने मांडली. तथापि ऑक्टोबर २०१४ मध्ये त्यास सहा लाख डॉलर दंड भरावा लागला. जानेवारी २०१५ मध्ये आयोगाने, कोणाच्याही वैयक्तिक हॉटस्पॉटमध्ये हेतुपुरस्सर अडथळा आणणे बेकायदेशीर आहे, असे स्पष्ट केले.

भारतातील वापर

भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ मध्ये परवानामुक्त झाला आणि ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातील परवानामुक्त भाग २०१८ मध्ये वाढवण्यात आला. त्यामुळे वाय-फाय हॉटस्पॉट चालवण्यास परवाना लागत नाही. सप्टेंबर २०१६ मध्ये रिलायन्स जिओची सेवा सुरू झाल्यानंतर मोबाइल डेटाचे दर झपाट्याने उतरले आणि दैनंदिन कोट्याच्या योजना रूढ झाल्या. या योजनांत हॉटस्पॉटसाठी सहसा वेगळे शुल्क नसते.

मार्च २०२० मध्ये कोविड-१९ मुळे टाळेबंदी लागू झाली व शाळा-महाविद्यालये बंद होऊन शिक्षण ऑनलाइन सुरू झाले. तारेवरील इंटरनेट नसलेल्या घरांत पालकांच्या फोनवरील हॉटस्पॉट हाच लॅपटॉप वा दुसऱ्या फोनवरील वर्गाचा आधार ठरला. एकाच कोट्यावर दोन भावंडांचे वर्ग व पालकांचे काम चालवताना डेटाची वाटणी हा घराघरांतला प्रश्न बनला.

मर्यादा

हॉटस्पॉट सुरू असताना मोबाइल जाळे आणि वाय-फाय या दोन्हींचे संदेशवहन अखंड चालते. त्यामुळे बॅटरी लवकर उतरते व फोन तापतो. फार तापल्यास फोन स्वतःहून वेग कमी करतो. व्हीओएलटीई सुविधा नसलेल्या फोनवर कॉल आल्यास इंटरनेट मंदावते किंवा थांबते. दोन सिमच्या अनेक फोनांत दुसऱ्या सिमवर कॉल सुरू असतानाही असेच घडते. तसेच हॉटस्पॉट स्वतः इंटरनेट निर्माण करीत नाही. मनोऱ्याचा सिग्नल नसेल किंवा प्रशासनाने मोबाइल इंटरनेट बंद ठेवले असेल, तर उपकरणे हॉटस्पॉटला जोडलेली दिसतात. परंतु त्यांना इंटरनेट मिळत नाही.

हे सुद्धा पहा

वाय-फाय
राउटर
ब्लूटूथ
स्मार्टफोन