थोडे विद्यार्थी, लांबचा पल्ला

१९३४ मध्ये सरकारने पुण्याचे डेक्कन कॉलेज बंद केले. या संस्थेची पाळेमुळे ६ ऑक्टोबर १८२१ रोजी विश्रामबागवाड्यात सुरू झालेल्या पाठशाळेपर्यंत जातात. पेशव्यांच्या काळापासूनच्या दक्षिणा फंडावर ती पाठशाळा उभी राहिली होती. पुढे सर जमशेटजी जीजीभाईंच्या देणगीमुळे १८६८ मध्ये तिला येरवड्याला स्वतःची दगडी इमारत मिळाली. त्या इमारतीला आता कुलूप लागले. माजी विद्यार्थी मात्र स्वस्थ बसले नाहीत. प्रकरण न्यायालयात गेले आणि १७ ऑगस्ट १९३९ रोजी दारे पुन्हा उघडली. पण आत आता वेगळीच संस्था होती. बी.ए.चे वर्ग गेले होते आणि पदव्युत्तर अध्यापन व संशोधन एवढेच उरले होते. विषय मोजके, प्राध्यापक मोजके, विद्यार्थीही मोजकेच. तरीही विसाव्या शतकातल्या महाराष्ट्राची काही अत्यंत भरीव विद्याकार्ये याच आटोपशीर संस्थेत झाली. ती आटोपशीर होती म्हणूनच झाली, असे मला ठामपणे वाटते.

एकत्र राहण्याची परंपरा इथे जुनीच. लोकमान्य टिळकांनी कॉलेजातले पहिले वर्ष तालीम आणि पोहण्यात घालवून शरीर कमावले, ते याच आवारात. १८७७ मध्ये ते गणित घेऊन बी.ए. झाले. पुढे ते कायद्याचा आणि आगरकर एम.ए.चा अभ्यास करत असताना दोघांच्या रात्र रात्र चर्चा रंगत. सरकारी नोकरी नको, शाळा काढायची, हा निश्चय त्या चर्चांतून पक्का झाला आणि जानेवारी १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल सुरू झाले. टिळकांची खोली आजही जपून ठेवलेली आहे. वसतिगृहाचे शिक्षण वर्गातल्या शिक्षणाइतकेच खोल जाते, हे सांगायला यापेक्षा मोठा दाखला नको.

१९३९ नंतरच्या पहिल्या फळीत पुरातत्त्वाचे डॉ. हसमुख धीरजलाल सांकळिया, समाजशास्त्र आणि मानवशास्त्राच्या इरावती कर्वे, भाषाशास्त्राचे डॉ. सुमित्र मंगेश कत्रे अशी माणसे होती. मोठ्या विद्यापीठात या तिघांचे विभाग तीन इमारतींत असते आणि गाठ पडली असती ती एखाद्या समितीच्या बैठकीत. इथे तसे नव्हते. गुजरातेत लांघणजला सांकळियांना अश्मयुगीन माणसांचे सांगाडे मिळाले, तेव्हा त्यांच्या अभ्यासात इरावतीबाई सहभागी झाल्या. ‘युगान्त’मुळे मराठी वाचकाला परिचित असलेल्या या विदुषीने भारतातल्या नातेसंबंधांवरचा आपला मोठा ग्रंथ इथे काम करतानाच सिद्ध केला. १९५३ मध्ये तो प्रसिद्धही कॉलेजनेच केला.

सांकळियांच्या शिकवण्याची रीत साधी आणि कष्टाची होती. संशोधक विद्यार्थ्याला एखादे नदीखोरे किंवा जिल्हा नेमून द्यायचा आणि तो त्याने पायी पालथा घालायचा. अशा शोधांतून आणि उत्खननांतून महाराष्ट्राचा इतिहासपूर्व काळ हळूहळू उलगडत गेला. संगमनेरजवळ प्रवरेकाठच्या जोर्वे गावी १९५०-५१ मध्ये उत्खनन झाले. तिथल्या तांबड्या, काळी नक्षी काढलेल्या भांड्यांवरून एका सबंध ताम्रपाषाणयुगीन संस्कृतीला ‘जोर्वे’ हे नाव पडले. त्यानंतर नेवासे आणि मग शिरूर तालुक्यातले घोड नदीकाठचे इनामगाव. इनामगावचे काम १९६८ ते १९८३ असे पंधरा वर्षे चालले. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळातली शेतकऱ्यांची वस्ती तिथे थरांथरांनी मोकळी झाली. आधीची घरे चौकोनी आणि ऐसपैस, शेवटच्या काळातल्या झोपड्या गोल आणि लहान. पाऊस कमी होत गेला, शेती खालावली आणि लोक पशुपालनाकडे वळले, असा अर्थ डॉ. म. के. ढवळीकरांनी या बदलातून लावला. जळक्या बिया ओळखणारे, जनावरांची हाडे तपासणारे आणि मातीचे परीक्षण करणारे एकाच आवारात होते, म्हणून हा अर्थ लावता आला.

उत्खननाच्या छावणीत नव्या विद्यार्थ्याच्या हाती बहुधा आधी खापरे येतात. ती भिजवायची, ब्रशने हलक्या हाताने धुवायची, वाळवायची आणि मग आतल्या बाजूला शाईने बारीक अक्षरांत स्थळ, खड्डा आणि थर लिहायचा. हजारो खापरांवर हेच करायचे. काम कंटाळवाणे असते, पण थर लिहायचा राहिला की ते खापर पुराव्यातून बाद होते. पुराव्याची ही शिस्त अंगात मुरायला गुरू शेजारी बसलेला असावा लागतो. शंभर जणांच्या वर्गात ती शिकवता येत नाही.

हीच शिस्त कोशविभागात दिसते. ऐतिहासिक तत्त्वांवर आधारलेल्या संस्कृत कोशाचे काम १९४८ मध्ये डॉ. कत्र्यांनी सुरू केले. ऋग्वेदापासून पुढचे सुमारे दीड हजार ग्रंथ वाचून त्यातले शब्द चिठ्ठ्यांवर उतरवले गेले. चिठ्ठीवर शब्द, तो जिथे आला ते वाक्य आणि ग्रंथाचा संदर्भ. अशा सुमारे एक कोटी चिठ्ठ्या जमल्या. ‘अग्नि’ हा एकच शब्द घ्या. वेदात ती देवता आहे, आयुर्वेदात पचनशक्ती, तर गणित-ज्योतिषाच्या ग्रंथांत तीन हा आकडा. कोणता अर्थ केव्हा आणि कोणत्या शास्त्रात आला, हे क्रमाने दाखवायचे तर इतके ग्रंथ वाचण्याला पर्याय नाही. पहिला खंड यायला १९७६ साल उजाडले. त्यानंतर तिसाहून अधिक भाग निघाले, तरी गाडी अजून ‘अ’ या अक्षरातच आहे. सुरुवात करणाऱ्यांपैकी कोणालाही हा कोश पुरा झालेला दिसणार नव्हता आणि ते त्यांना ठाऊक होते.

१९९० मध्ये डेक्कन कॉलेजला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. आज इथे पुरातत्त्व, भाषाशास्त्र आणि संस्कृत व कोशशास्त्र या विषयांत एम.ए. आणि पीएच.डी. करता येते. आवारात पुरातत्त्वाचे आणि मराठ्यांच्या इतिहासाचे अशी दोन संग्रहालये आहेत. एम.ए.ला आलेला मुलगा किंवा मुलगी पहिल्याच वर्षी चालू संशोधनाच्या शेजारी येऊन बसते. शिक्षक ज्या प्रश्नाशी स्वतः झगडत असतो, तोच प्रश्न विद्यार्थ्याच्याही समोर येतो. माझ्या दृष्टीने उच्च शिक्षणाचा गाभा हाच आहे.

विद्यापीठे मोजायची आपली फूटपट्टी मात्र वेगळी आहे. किती प्रवेश, किती पदव्या, किती नोकऱ्या, असे हिशोब केले की अशी संस्था नेहमीच उणी ठरते. पंधरा वर्षांचे उत्खनन किंवा पाऊणशे वर्षांचा कोश वार्षिक अहवालाच्या रकान्यात मावत नाही. कोशाच्या कामाला संस्कृत, व्याकरण आणि शास्त्रग्रंथ या तिन्हींत मुरलेली माणसे लागतात. असा माणूस तयार व्हायला दहा-पंधरा वर्षे जातात. अनुभवी माणूस निवृत्त झाल्यावर जागा रिकामी राहिली, तर नव्याला शिकवणारे कोणी उरत नाही आणि तुटलेला धागा पैशाने सांधता येत नाही.

म्हणून मागणी साधी आहे. अशा छोट्या विद्यापीठांतल्या जागा कायमस्वरूपी भराव्यात, जुना माणूस जाण्याआधी दोन-तीन वर्षे नवा त्याच्या हाताखाली असावा, आणि दीर्घ प्रकल्पांना एकेका वर्षाचा नव्हे तर दहा वर्षांचा निधी एकदम मंजूर व्हावा. १९३४ चा निर्णय माजी विद्यार्थ्यांनी निमूट मान्य केला असता, तर इनामगावही नसते आणि कोशही नसता. समाजाने एकदा ही संस्था वाचवली आहे. ती जगती ठेवण्याचा खर्च कोणत्याही राज्याला परवडेल इतका थोडा आहे, आणि तो करणे हे महाराष्ट्राचे कर्तव्य आहे.