ब्रासभर दगडात दगड किती?

हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणामार्गावर लाटांनी जाळीदार कोरलेला जो काळा खडक दिसतो, तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हापासून बनलेला बेसाल्ट असून, कोकणातील सड्यांवरचा तांबडा जांभा हा अशाच खडकाच्या दीर्घकालीन झिजेतून तयार झाला आहे. अंगण, बागेतील पायवाट किंवा वाडीचा गडगा यांसाठी प्रामुख्याने हेच दोन दगड वापरले जात असले, तरी त्यांच्या विक्रीची रीत मात्र एक नाही. जांभ्याचा चिरा मापात कापलेला असल्याने तो नगावर, शेकड्याच्या किंवा हजाराच्या भावाने विकला जातो. काळा दगड मात्र डबर, खडी किंवा कच यांपैकी कोणत्याही रूपात असला, तरी बहुधा ब्रासने मोजला जातो.

ब्रास म्हणजे १०० घनफूट, अर्थात सुमारे २.८३ घनमीटर. दशमान मापांचा कायदा १९५६ साली झाला, तरी गौण खनिजांवरील स्वामित्वधन, म्हणजे उत्खननाबद्दल शासनाला द्यावयाची रक्कम, महाराष्ट्रात आजही ब्रासवरच आकारली जाते, हे पाहता हे माप बाजारातून इतक्यात हटेल असे दिसत नाही. २०२१ मध्ये हा दर प्रतिब्रास ४०० रुपयांवरून ६०० रुपयांवर नेण्यात आला.

ब्रास हे घनफळाचे माप आहे, वजनाचे नव्हे, आणि घोटाळ्याचे मूळ येथेच आहे. अखंड बेसाल्टचे वजन घनमीटरला साधारण २.८ ते ३ टन भरते, म्हणजे ब्रासभर अखंड खडक आठ टनांच्या आसपास जाईल. पण सुटी खडी घनमीटरला दीड टनाच्या जवळपास भरत असल्याने ब्रासभर खडीचे वजन सव्वाचार टनांच्या आगेमागेच राहते. उरलेली जागा दगडांमधल्या पोकळीने व्यापलेली असते. ही फसवणूक नव्हे, कारण सर्वमान्य मापच पोकळीसह धरलेले आहे; परंतु ट्रॉलीत ओबडधोबड टाकलेले डबर हाताने लावून रचले की कमी जागा व्यापते, म्हणून ५० फूट लांब, २ फूट रुंद व ४ फूट उंच गडग्याचे घनफळ ४०० घनफूट येत असले, तरी तेवढ्यासाठी नेमके ४ ब्रास डबर मागवणाऱ्याला शेवटच्या काही फुटांत दगड कमी पडण्याचा संभव असतो. खडीचेही असेच असून, म्हसळा-श्रीवर्धनच्या वळणावळणाच्या रस्त्याने हादरे खात आलेला माल खाली बसतो, त्यामुळे क्रशरवरचे माप आणि दारातले माप जुळत नाही. मोजणी कोठे धरायची, हे म्हणूनच भाव ठरवतानाच बोलून घ्यावे.

ट्रॉलीचे माप आतून घ्यावयाचे असते. १० फूट लांब, ६ फूट रुंद आणि दीड फूट खोल ट्रॉलीत फाळक्यापर्यंत सपाट भरलेला माल ९० घनफूट, म्हणजे ०.९ ब्रास होतो. ‘एक ट्रॉली म्हणजे एक ब्रास’ हा व्यवहारातला समज त्यामुळे दर वेळी खरा ठरत नाही. वर काढलेली शीग ही उरलेल्या दहा घनफुटांची भरपाई करते की केवळ डोळ्यांना भरते, हे ती सपाट केल्याशिवाय कळत नाही. काट्यावर वजन करून घेणे अधिक नेमके खरे, परंतु पावसाळ्यात भिजलेल्या कचीत पाणीही तोलले जाते, तेव्हा त्या दिवसांत कचीसाठी घनफळच बरे. चिऱ्याचा हिशेब तुलनेने सरळ आहे: १४ × ९ × ७ इंचांचा चिरा अर्ध्या घनफुटाहून किंचित मोठा असल्याने १०० घनफुटांच्या भिंतीला दोनशेच्या आतबाहेर चिरे लागतात, मात्र खाणीगणिक आकार बदलतो.

किनाऱ्यावरचे गुळगुळीत काळे गोटे बागेसाठी फुकट मिळणारी वस्तू समजू नयेत, कारण किनारा नियमन क्षेत्रात वाळू व खडक काढण्यास मनाई आहे. खाणीचा माल घेतानाही चालकाकडील वाहतूक परवाना पाहावा आणि त्यावरचे ब्रास व ट्रॉलीतले ब्रास, गाडी रिकामी होण्यापूर्वीच, फीत लावून ताडून घ्यावेत.