संत्र्याच्या रंगाचा कॉम्प्युटर

वर्ध्याजवळच्या पिपरी मेघेच्या माणसाला पेटी चरखा समजावून सांगावा लागत नाही. गांधीजींचा सेवाग्राम आश्रम जवळच आहे. गांधीजी येरवड्याच्या तुरुंगात असताना हा चरखा घडला. एक मोठं चाक, एक लहान चाक, चाती आणि माळ. सूत कातून झालं की सगळं पेटीत मिटायचं आणि पेटी उचलून चालू लागायचं.

नव्वदच्या दशकातला आपल्याकडचा कॉम्प्युटर याच्या अगदी उलट होता. टेबलावर मॉनिटर, शेजारी सीपीयूचा डबा, मागे वायरींचा गुंता. ॲपलने 1984 साली पडदा आणि यंत्र एकाच डब्यात बसवलं होतं, पण जगाचं लक्ष वेधलं ते ॲपलच्याच आयमॅकने. तो अमेरिकेत विक्रीला आला 15 ऑगस्ट 1998 रोजी. निळसर, अर्धपारदर्शक, पोटात मोडेमसुद्धा. फ्लॉपीला मात्र त्यात जागाच नव्हती. वजन सुमारे 17 किलो, तरीही डोक्यावर उचलायची मूठ! यंत्राची भीती वाटू नये, त्याला हात लावावासा वाटावा, म्हणून डिझायनर जोनाथन आइव्ह यांनी ती ठेवली.

खरी गंमत आत आहे. त्याचा पडदा म्हणजे जुन्या टीव्हीसारखी काचेची पिक्चर ट्यूब. तिच्या मानेतून इलेक्ट्रॉनांचे तीन झोत सुटतात. त्यांना पुढे खेचायला वीस हजारांहून अधिक व्होल्ट लागतात. आपल्या घरातली वीज 230 व्होल्टची. मानेभोवतीच्या तारांच्या वेटोळ्यांतलं चुंबकत्व हे झोत डावी-उजवीकडे, वर-खाली वळवतं. 1024 बाय 768 ठिपक्यांचं चित्र सेकंदाला 75 वेळा नव्याने काढलं जातं. म्हणजे डोळ्याची पापणी लवेपर्यंत हजारो ओळी आखून होतात, आणि आपल्याला दिसतं एक स्थिर पान.

आता अडचण बघा. याच खोक्यात, वीतभर अंतरावर हार्ड डिस्क आहे आणि तिच्यावरची अक्षरं चुंबकीय खुणांनीच लिहिलेली! चुंबकाच्या शेजारी चुंबकाने लिहिलेली वही ठेवण्यासारखंच हे. विद्युत-चुंबकीय ढवळाढवळ रोखायला त्या निळ्या प्लॅस्टिकच्या आत धातूचं कवच बसवलेलं असतं. बाहेरून खेळणं वाटणाऱ्या यंत्राच्या पोटात असा कडक बंदोबस्त.

जानेवारी 1999 मध्ये आयमॅक पाच रंगांत आला आणि त्यातला एक चक्क संत्र्याचा! त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमधल्या नव्या आयमॅकमध्ये पंखाच नव्हता. गरम हवा आपोआप वर चढते आणि डोक्यावरच्या भोकांतून निघून जाते. धुराड्याचं तत्त्व तेच.

2003 साली हे यंत्र बनणं थांबलं. पण पिक्चर ट्यूबचे जुने मॉनिटर आणि टीव्ही आजही कित्येक घरांच्या माळ्यावर पडून आहेत. कुतूहल म्हणून त्यांचं मागचं झाकण उघडू नका. प्लग काढल्यावरही ट्यूबमध्ये जोरदार झटका देण्याइतका विजेचा भार राहू शकतो. काचेत शिसं असतं, म्हणून ती फोडूही नका. जुना मॉनिटर किंवा टीव्ही ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडे अख्खाच द्या.