निराधारांच्या आईला फुलांचा शालू

देवीला फुलं वाहायची म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? परडीतली जास्वंद, शेवंतीची वेणी, नवरात्रातल्या झेंडूच्या माळा. पण अख्ख्या शहरानं दोन दिवस रांगेनं येऊन मूठ-मूठ फुलं द्यावीत आणि त्या फुलांचंच वस्त्र आईच्या अंगावर चढावं, असं कधी ऐकलंय? स्पेनमधल्या व्हॅलेन्सिया शहरात दर मार्चमध्ये हेच घडतं.

या शहराचा मोठा सण म्हणजे ‘फायास’. गल्लोगल्लीची मंडळं वर्षभर खपून लाकूड, कागद आणि थर्माकोलचे उंचच उंच देखावे उभारतात. पुढाऱ्यांपासून सिनेनटांपर्यंत सगळ्यांची त्यात टिंगल असते. १९ मार्चला, सुतारांचा संत मानल्या जाणाऱ्या सेंट जोसेफच्या दिवशी रात्री ते सगळे पेटवून देतात. आपल्याला होळीच आठवावी! २०१६ मध्ये युनेस्कोनं या सणाला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिलं. मात्र फटाके, धूर आणि थट्टामस्करीच्या या सणात १७ आणि १८ मार्च हे दोन दिवस वेगळे असतात. ते असतात फुलांचे.

त्या दिवशी शहरातल्या साडेतीनशेहून अधिक मंडळांच्या मिरवणुका निघतात. पुढे बाया आणि मुली, बरोबर पुरुष आणि मागे बँड. बायकांचा थाट काय सांगावा! घेरदार रेशमी झगा, खांद्यावर जाळीदार वस्त्र, कानांवर गोल अंबाडे आणि त्यांत खोवलेले सोनेरी नक्षीदार फणे. हातमागावर विणलेल्या अस्सल रेशमाचा पोशाख करायचा तर हजारो युरो मोजावे लागतात. आपल्या पैठणीसारखाच तो जपून ठेवतात. तान्ह्या बाळांनाही असेच कपडे घालून बाबागाडीतून आणतात. प्रत्येकीच्या हातात कार्नेशनच्या फुलांचा गुच्छ. कोणत्या मंडळानं कोणत्या रंगाची फुलं आणायची, हे आधीच ठरलेलं असतं.

चौकात चार-साडेचार मजली उंचीचा मेरीमातेचा लाकडी सांगाडा उभा असतो. चेहरा आणि कडेवरचं बाळ घडवलेलं, बाकी नुसत्या पट्ट्या. खालून गुच्छ वर फेकले जातात, सांगाड्यावर चढलेले कार्यकर्ते ते झेलतात आणि ठरलेल्या नक्षीप्रमाणे एकेक खोचत जातात. दुपारपासून मध्यरात्र उलटेपर्यंत हे चालू राहतं. दुसऱ्या रात्री पांढऱ्या-लाल फुलांचा शालू पुरा होतो. सुमारे लाखभर लोकांचे हात त्याला लागलेले असतात.

आणि चौकात पाऊल टाकताच कितीतरी बाया ढसाढसा रडतात. तासन्‌तास चालून, नटूनथटून आलेल्या बाया! माहेरी पोचल्यावर आईला बघून आपलं होतं ना, तसंच काहीसं.

मैत्रिणींनो, ही आई कुणाची? तिचं नाव आहे ‘व्हिर्जेन दे लोस देसाम्पारादोस’. म्हणजे निराधारांची, टाकून दिलेल्यांची माता. हे नाव नुसतं गोड वाटलं म्हणून ठेवलेलं नाही.

गोष्ट १४०९ सालची. फादर जोफ्रे नावाचे धर्मगुरू प्रवचनाला निघाले होते. वाटेत काही पोरं एका वेड्या माणसाला मारताना, छळताना त्यांना दिसली. फादर मध्ये पडले. मग चर्चमध्ये जाऊन त्यांनी त्याच विषयावर प्रवचन दिलं. या बिचाऱ्यांना थंडीवाऱ्यात, भुकेलं का फिरू द्यायचं? त्यांच्यासाठी घर का नको? ऐकणाऱ्यांतल्या काही व्यापाऱ्यांनी पैसे उभे केले आणि पुढच्याच वर्षी मनोरुग्णांसाठी इस्पितळ सुरू झालं. युरोपातल्या अगदी पहिल्या मनोरुग्णालयांत त्याची गणना होते. १५१२ मध्ये ते शहराच्या मोठ्या इस्पितळात सामील झालं आणि आजचं व्हॅलेन्सियाचं जनरल हॉस्पिटल आपली सुरुवात तिथूनच सांगतं.

या इस्पितळाच्या आधारानं १४१४ मध्ये एक सेवामंडळ उभं राहिलं. त्याचं काम काय? ज्यांना खांदा द्यायला कुणी नाही, त्यांना मूठमाती द्यायची. फाशी गेलेले कैदी, बुडून मेलेले अनोळखी, रस्त्यावर सापडलेले बेवारस. या मंडळाची मेरीमातेची मूर्ती अशा माणसांच्या शवपेटीवर आडवी ठेवत. तिच्या डोक्याखाली उशी असायची. म्हणून मूर्ती उभी केली की मान पुढे झुकलेली दिसते. लोक लाडानं तिला ‘जेपेरुदेता’ म्हणतात, म्हणजे आपली कुबडी माय! वाकून लेकरांकडे बघतेय, असंच वाटतं. तिच्या पायाशी दोन निष्पाप बालकंही आहेत.

मूर्तीची आख्यायिकाही ऐकण्यासारखी. काही तरुण यात्रेकरू आले, आम्हाला एका खोलीत कोंडा, मूर्ती घडवून देतो म्हणाले. काही दिवस आतून आवाजच नाही, म्हणून दार उघडलं तर मूर्ती तयार आणि तरुण गायब. ते देवदूत होते, असं लोक मानतात. त्या घरातली आंधळी, अंथरुणाला खिळलेली बाई मात्र त्याच क्षणी बरी झाली म्हणे. आख्यायिकेतही पहिला आशीर्वाद मिळाला तो एका असहाय बाईलाच.

अलीकडच्या वर्षांत या आईनं बरंच पाहिलं. कोरोनामुळे २०२० चा सण ऐनवेळी थांबवावा लागला. २०२१ मध्ये तो मार्चऐवजी सप्टेंबरमध्ये झाला आणि बायांनी तोंडावर मास्क लावून फुलं वाहिली. २९ ऑक्टोबर २०२४ ला व्हॅलेन्सिया परिसरात महापूर आला, दोनशेहून अधिक माणसं गेली. त्यानंतर पाच महिन्यांच्या आत, २०२५ च्या मार्चमध्ये पुन्हा मिरवणूक निघाली. निराधार म्हणजे काय, हे त्या वर्षी कुणाला समजावून सांगावं लागलं नसेल.

‘निराधार’ हा शब्द आपल्याकडे तहसील कचेरीतल्या अर्जावर असतो. निराधार योजनेसाठी हेलपाटे घालणारी विधवा, बसस्टँडवर बडबडत बसलेली बाई, शवागारात पडलेला बेवारस देह… आपण पदर सावरून पुढे निघून जातो. व्हॅलेन्सियातही सगळं आलबेल असेल, असं नाही. रेशमी झग्यांच्या झगमगाटात जुनी गोष्ट तिथेही झाकली जात असेल. पण निदान नाव तरी तेच राहिलं आहे. दरवर्षी लाखभर माणसं ज्या आईला फुलं देतात, ती राजाची किंवा श्रीमंतांची आई म्हणवत नाही.

फादर जोफ्रेंनी त्या सकाळी आधी मारणाऱ्यांचे हात थांबवले, प्रवचन नंतर दिलं. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. या नवरात्रात देवीला वेणी वाहायला जाल, तेव्हा देवळाच्या पायरीवर बसलेल्या त्या एकटीशी आधी दोन शब्द बोलून बघा. तिचा अर्ज कुठे अडलाय, तेवढं तरी विचारा.