शब्दांची घडण, भाग ९ : चुलता वाकतो, काका वाकत नाही

गेल्या आठवड्यात आपण नामाचं लिंग कसं ओळखायचं ते पाहिलं. आता त्याच नामाला प्रत्यय लावू. 'घोडा' या शब्दाला 'ला' जोडायचा तर 'घोडाला' म्हणून चालत नाही. आधी 'घोड्या' होतो, मग 'घोड्याला'. प्रत्ययासाठी वाकलेलं हे मधलं रूप म्हणजे सामान्यरूप. मोरो केशव दामले यांच्या १९११ सालच्या 'शास्त्रीय मराठी व्याकरण' या ग्रंथात त्याचा बारकाईने विचार आहे. ('दामल्यांच्या ग्रंथात' असं म्हटलं असतं, तर त्यांचं आडनावही वाकलंच असतं.)

शाळेत सामान्यरूप पाच-दहा गुणांपुरतं येतं आणि जातं. मला मात्र तो मराठी व्याकरणाचा कणा वाटतो, कारण त्याचे नियम कुणी न शिकवता आपल्या जिभेवर बसलेले असतात. स्त्रीलिंगी शब्द घ्या. 'वीट'ची 'विटेला' होते, 'भिंत'ची मात्र 'भिंतीला'. एकीकडे 'ए' आणि दुसरीकडे 'ई' का? उत्तर अनेकवचनात आहे. वीट–विटा, म्हणून विटेला. भिंत–भिंती, म्हणून भिंतीला. आता इंग्रजीतून आलेले शब्द पाहा. बँक–बँका–बँकेत. फाइल–फायली–फायलीत. परक्या मुलखातून आलेल्या शब्दांना मराठी माणसाने आधी लिंग दिलं, मग अनेकवचन दिलं आणि त्यानुसार वाकायलाही लावलं. यासाठी कुठली समिती बसली नव्हती.

आकारान्त पुल्लिंगी शब्दांत तर याहून सुंदर गोष्ट आहे. मुलगा–मुलाला, भाचा–भाच्याला, नवरा–नवऱ्याला, सासरा–सासऱ्याला. पण काका, मामा, दादा, बाबा, आजोबा हे शब्द जसेच्या तसे राहतात. 'काक्याला' कुणी म्हणत नाही. बापाचा भाऊ एकच, पण 'चुलत्याला विचार' आणि 'काकाला विचार'. फरक असा दिसतो की ज्या शब्दाने आपण वडीलधाऱ्याला हाक मारतो तो वाकत नाही, आणि ज्याने केवळ नातं सांगतो तो वाकतो. 'अहो चुलते' अशी हाक कुणी घालत नाही.

हे सामान्यरूप आलं कुठून? अभ्यासक त्याचं मूळ प्राकृतातल्या षष्ठीत शोधतात. संस्कृतातलं 'देवानाम्' प्राकृतात 'देवाणं' झालं आणि मराठीत 'देवां' उरलं. आज 'देवांना', 'लोकांनी' लिहिताना आपण जो अनुस्वार देतो, तो त्या 'नाम्'चा अवशेष आहे. १९६२च्या लेखननियमांनी उच्चारात नसलेले कितीतरी अनुस्वार काढून टाकले, पण अनेकवचनी सामान्यरूपावरचं हे टिंब ठेवलं. योग्यच केलं.

लीळाचरित्राच्या किंवा ज्ञानेश्वरीच्या, म्हणजे तेराव्या शतकाच्या मराठीत आणखी एक सोय मोठ्या प्रमाणावर होती. 'घरीं', 'देवें' अशा एका स्वराच्या प्रत्ययात 'घरात', 'देवाने' एवढा अर्थ मावायचा. ती सोय पुरती गेलेली नाही. आपण सकाळी उठतो, रात्री घरी येतो, वारीला पायी जातो, दुःख नशिबी आलं म्हणतो. ही सगळी जुनी सप्तमीच. कचेरीतल्या कोरड्या पत्रातही 'जेणेकरून' असतं, आणि त्यातलं 'जेणे' ही जुनी तृतीया आहे. म्हणूनच संतवाङ्मयाची भाषा पहिल्या वाचनात अवघड वाटली तरी परकी वाटत नाही.

आता एक तक्रार, मनापासून. फलकांवर, जाहिरातींत 'ठाणे मध्ये', 'पुणे मध्ये' असं सर्रास दिसतं. त्यात दोन चुका आहेत. शब्द वाकवलेला नाही आणि प्रत्ययासारखा जोडायचा शब्द तोडला आहे. 'ठाणे येथे' बरोबर आहे, कारण 'येथे' स्वतंत्र शब्द आहे. 'मध्ये' हे शब्दयोगी अव्यय, म्हणून ते सामान्यरूपाला चिकटूनच येणार: 'ठाण्यामध्ये'. त्याहून सुटसुटीत 'ठाण्यात'. कोल्हापूरचं 'कोल्हापुरात' होतं, साताऱ्याला 'साताऱ्यात' शोभतं, आणि नाशिकचं जुनं 'नाशकात' तर 'नाशिकमध्ये'पुढे मागे पडत चाललं आहे.

म्हणून या आठवड्यात एवढं करा. घरातल्या किंवा शेजारच्या सगळ्यांत वयस्कर माणसाला तुमच्या गावाबद्दल बोलतं करा. गावाच्या नावाला 'त', 'हून', 'चा' लागताना ते नाव त्यांच्या तोंडी कसं बदलतं ते नीट ऐका, आणि ऐकलेलं रूप तालुक्याच्या नावासह आम्हाला लिहून पाठवा. पुढच्या भागात 'मी आंबा खाल्ला' आणि 'मी पोळी खाल्ली' यांतलं क्रियापद खाणाऱ्याकडे न पाहता खाण्याच्या वस्तूकडे का पाहतं, ते बघू.